कोपर त्याचं त्यालाच वळवू द्या

निरोप बहुधा शाळेतून येतो. "पोरगं पडलंय, हात लय सुजलाय, लवकर या." कारखान्यावरून किंवा दुकानातून तुम्ही तिथं पोहोचेपर्यंत मुलाभोवती सल्लागारांचं कडं जमलेलं असतं. एकाचं म्हणणं, हात निसटलाय, एक हिसका दिला की बसेल. दुसऱ्याला अमक्या गावचा हाडवैद्य ठाऊक असतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर कुणीतरी आजोबा आंध्रातल्या पुत्तूरच्या हाडवैद्यांचं नाव काढतातच. घरी फोन गेला असेल तर आजीनं आंबेहळद उगाळायला घेतलेली असते.

मूल मात्र गप्प असतं. दुखरा हात दुसऱ्या हातानं पोटाशी धरून, कुणी जवळ आलं की अंग चोरून. जमलेल्यांत सगळ्यांत शहाणं तेच. हात हलवू द्यायचा नाही, एवढं त्याला न शिकवता कळलेलं असतं.

कोपराजवळ मोडलेल्या हाडाचं पुढं काय होतं आणि मूल पुन्हा मैदानात कधी उतरू शकतं, ते या लेखात सांगायचं आहे. लहान मुलाचं हाड, एखाद-दुसरा प्रकार सोडला तर, जुळतं. बिघाड होतो तो दोन वेळांना. पहिल्या एक-दोन दिवसांत हाताच्या रक्तपुरवठ्याकडे दुर्लक्ष झालं तर, आणि प्लास्टर निघाल्यावर घरातल्या मोठ्यांचा धीर सुटला तर. पहिला बिघाड टाळण्याबद्दल डॉक्टर बजावतात. दुसरा घराघरांत प्रेमापोटी होतो, म्हणून त्याच्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी हाडाची रचना बघू. दंडाचं हाड वरून गोल आणि भक्कम असतं, पण कोपराच्या जरा वर ते चपटं होतं. पुढून एक खळगा, मागून एक खळगा, आणि दोहोंच्या मध्ये उरतो तो पापडासारखा पातळ पडदा. पडताना मूल स्वतःला सावरायला हात पुढं टाकतं. कोपर सरळ होऊन थोडं उलट्या बाजूला जातं, हाताच्या खालच्या हाडाचं टोक मागच्या खळग्यात पाचरीसारखं घुसतं आणि त्या पातळ जागी हाड तुटतं. पाच ते सात या वयात सांधे सैल असतात, कोपर उलटं जास्त जातं, त्यामुळे हे हाड मोडण्याचं हेच मुख्य वय. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याच्या पायरीवरून निसटणं, बागेतल्या लोखंडी शिडीवरून पडणं, मे महिन्यात चिंचेच्या झाडावरून घसरणं, सायकलचा तोल जाणं, यापैकी काहीही निमित्त पुरतं.

१९५९ साली गार्टलंड नावाच्या अमेरिकी शल्यविशारदानं या मोडीच्या तीन पायऱ्या केल्या आणि आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात. पहिल्या पायरीत हाडाला फक्त चीर गेलेली असते, जागा सोडलेली नसते. दुसरीत हाड पुढून उघडलेलं असतं, पण मागची बाजू बिजागरीसारखी धरून असते. तिसरीत दोन्ही तुकडे वेगळे झालेले असतात. तुमच्या मुलाची पायरी कोणती, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं.

पहिला तास

हात ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत आधार द्यायचा. जाड वर्तमानपत्राची घडी किंवा पुठ्ठा हाताखाली धरून ओढणीनं सैलसर बांधला की पुरे. ओढायचा नाही, सरळ करायचा नाही, मुद्दाम दुमडायचाही नाही. कडं, बांगड्या, अंगठी, मनगटावरचा दोरा असेल तर सूज चढण्याआधी काढून टाका, नंतर कापावं लागतं. तेल, लेप, हळद काही नको. जखम होऊन रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्यानं झाका आणि तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रडतंय म्हणून मुलाला बिस्कीट, वडापाव, उसाचा रस देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. शेवटचं कधी आणि काय खाल्लं, त्याची वेळ लक्षात ठेवा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतात.

वाटेत बोटं बघत राहा. बोटं कोमट आणि गुलाबी आहेत का? नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत त्याचा रंग परत येतो का? दंडातली मोठी रोहिणी आणि हाताच्या नसा नेमक्या या तुटलेल्या जागेसमोरून जातात. हात थंड, पांढरा किंवा निळसर पडला तर घरी जाऊन कपडे बदलणं, फाइल शोधणं, पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावणं, हे सगळं बाजूला ठेवा. जिथं अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघं आहेत अशा सर्वांत जवळच्या रुग्णालयात जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. सोलापूर शहरात अशी खासगी रुग्णालयं आहेत, शिवाय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. रक्त न पोहोचणारा हात घेऊन अडीचशे किलोमीटर जायचं नसतं.

नसा तपासायची एक युक्ती डॉक्टर मुलांवर वापरतात, ती तुम्हालाही करता येते. पोरं शाळेत 'स्टोन-पेपर-सिझर' खेळतात ना, तेच. दगडाची मूठ वळली तर एक नस शाबूत, कागदासारखी बोटं मागं ताणली तर दुसरी, कात्रीसारखी दोन बोटं फाकली तर तिसरी. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून 'एक नंबर!' म्हणताना करतो तसा गोल करायला सांगा. या मोडीत सगळ्यांत जास्त वेळा रुसते ती हा गोल करून देणारी नस. गोल न होता बोटांची टोकं चपटी भिडत असतील, तर घाबरू नका, पण हात बसवण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. अशा बहुतेक नसा नुसत्या ताणलेल्या असतात आणि काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पूर्ववत होतात. आधीपासून होतं की नंतर झालं, यावरून होणारे वाद मात्र एवढ्या एका नोंदीनं टळतात.

तारा, प्लास्टर आणि सोलापूरचा उन्हाळा

पहिल्या पायरीच्या मोडीला साधारण तीन आठवड्यांचं प्लास्टर पुरतं. तिसरीत, आणि दुसरीतल्याही बऱ्याच मुलांमध्ये, भूल देऊन, पडद्यावर एक्स-रे बघत बघत, त्वचा न कापता हाड जागेवर बसवतात आणि बाहेरून दोन-तीन बारीक तारा घालतात. या तारांना किर्शनरचं नाव आहे, त्या जर्मन शल्यविशारदानं १९०९ साली त्यांची पद्धत मांडली. तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून पट्टीखाली ठेवलेली असतात. हे ऐकून आईच्या अंगावर काटा येतो खरा, पण तीन-चार आठवड्यांनी त्या बाह्यरुग्ण विभागातच काढतात. बहुतेक मुलांना भूलही लागत नाही. पक्कड दिसल्यावर मूल जेवढं किंचाळतं, तेवढं ते काढताना दुखत नाही.

रात्री नऊला दाखल केलं आणि डॉक्टर म्हणाले, सकाळी करू, तर नातेवाइकांचा आवाज चढतो. हात गरम आहे, नाडी लागते, बोटं हलताहेत, तर आधार देऊन रात्रभर लक्ष ठेवणं आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी शस्त्रक्रिया करणं, यात हयगय नसते. नाडी लागत नसेल, हात थंड असेल, हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, तर मात्र थांबता येत नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि मुलाचं आधार घेऊन दाखल होतानाच त्यांना विचारा, बिल झाल्यावर नव्हे.

कोपराची दुसरी एक मोड आहे, बाहेरच्या बाजूच्या गाठीची. ती फोटोत किरकोळ दिसते, कारण त्या वयात कोपराचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. जुळायचं राहून जाणारं हाड असतं ते हेच, आणि तसं राहिलं तर कोपर हळूहळू बाहेर वळतं, काही वर्षांनंतर करंगळीकडची नस त्रास देऊ लागते. म्हणून डॉक्टरांनी पाच-सात दिवसांत पुन्हा फोटो काढायला सांगितलं तर 'उगाच पैसे काढताहेत' म्हणून टाळू नका. त्या आठवड्यात तुकडा सरकलाय का, हे बघण्याचा दुसरा मार्ग नाही.

घरी आल्यावरच्या पहिल्या दोन रात्री महत्त्वाच्या. हात उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं सुजतात, ते चालतं. पण औषध देऊनही दुखणं वाढत चाललं, मूल अस्वस्थ होऊन सारखं औषध मागू लागलं, त्याची बोटं तुम्ही हळूच सरळ केली तरी ते कळवळलं, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर पहाटेचे तीन वाजले असले तरी रुग्णालयात जा. प्लास्टरच्या आत स्नायूंचा दाब वाढून रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटं पंजासारखी कायमची आखडतात. फोल्कमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८८१ साली हे लिहून ठेवलं, घट्ट पट्ट्यांचं नाव घेऊन. बांबूच्या कामट्या करकचून बांधणाऱ्या हाडवैद्याकडे मोडलेलं कोपर का न्यायचं नाही, याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. त्यांच्या हाताला गुण असेल, पण घट्ट बांधलेल्या सुजलेल्या कोपराला त्याचा उपयोग नाही.

बाकी दिवस कंटाळ्याचे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा प्लास्टरच्या आत घाम येतो आणि खाज सुटते. विणायची सुई, पट्टी, पेन्सिल आत घालू देऊ नका, कातडी सोलते आणि आत पिकते. प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारल्या, पंख्यासमोर बसवलं, दुसऱ्या हाताची तीच जागा खाजवली, तरी बरंच भागतं (शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, करून बघा). आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधून हात बादलीबाहेर ठेवा. वास येऊ लागला, पट्टी ओली झाली किंवा ताप आला, तर तारखेची वाट न बघता दाखवा. खांदा आणि बोटं मात्र दिवसभर हलवायला लावा, ती प्लास्टरमध्ये नाहीत.

खाण्याच्या पथ्यांबद्दल घरोघर वेगळी राज्यघटना असते. भात नको, दही नको, आंबट खाल्लं की पू होतो. यात तथ्य नाही. दूध, दही, नाचणी, डाळ, अंडी, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, तीळ असं रोजचं चौरस जेवण आणि थोडं सकाळचं ऊन एवढं पुरतं. शेंगाचटणीत तेल जरा जास्त पडलं तरी हाडाला काही होत नाही. कॅल्शियमच्या बाटल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच आणा.

शाळा फार बुडवू नका. दुखणं थांबलं, झोप लागू लागली की वर्गात बसायला हरकत नाही. मोडलेला हात बाकाच्या मोकळ्या बाजूला येईल अशी जागा मागा, दप्तर दुसऱ्याकडे द्या आणि मधल्या सुटीत मैदानाऐवजी वर्गात किंवा ग्रंथालयात बसवायला बाईंना सांगा. हात झोळीत असताना धावणारं मूल तोल गेला की त्याच हातावर पडतं.

प्लास्टर निघालं, आता खरी परीक्षा

परीक्षा तुमची आहे, मुलाची नाही.

प्लास्टर निघतं आणि हात बारीक, खरबरीत, केसाळ, काटकोनात अडकलेला दिसतो. सरळ होत नाही, खांद्याला टेकत नाही. मूल हात जवळ धरून ठेवतं. आई विचारते, "असाच राहणार का हो?" शेजारी सांगतात, आत्ताच चोळून घ्या, नाहीतर कायमचा आखडेल. इथून घोळ सुरू होतो.

कोपर हा चिडका सांधा आहे. तेल लावून जोरानं चोळलं, धरून ताणलं, रोज थोडं थोडं दाबून सरळ केलं, की आत रक्तस्राव होतो आणि सांध्यासमोरच्या स्नायूत नवं हाड तयार होऊ लागतं. ज्या जागी मांस हवं तिथं हाड. मग सांधा अडतो, आणि तो अडलेला दिसतो म्हणून घरचे आणखी चोळतात. आपल्या देशातल्या अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकांत कोपराच्या मालिशविरुद्ध स्वतंत्र इशारा लिहावा लागतो, तो उगाच नाही.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे हातात वजन देणं. पाण्याची कळशी, विटांची पिशवी, दप्तर त्याच हातात धरून चाल, म्हणजे हात सरळ होईल. तो उलट वाकतो. वजनानं दुखलं की पुढचे स्नायू आपोआप आवळतात आणि कोपर दुमडून बसतं. डंबेल, दोरी-कप्पी, शेजारच्या पैलवानानं धरून केलेली हिसकाहिसकी, सगळी त्याच माळेतली. कळशी तुम्हीच उचला.

मग करायचं काय? फार काही नाही, आणि तेच जड जातं. हात मुलानं स्वतः, दुखेल तिथं थांबून, दिवसातून अनेकदा हलवायचा. २०१४ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी या मोडीतून उठलेल्या मुलांचे दोन गट केले. एकाला फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला दिली नाही. फिजिओथेरपीमुळे हाताच्या कामात काही जास्तीचा फायदा झाल्याचं दिसलं नाही. मुलांचं कोपर खेळता-खाता सुटतं. किशोरवयीन मूल असेल, कोपर निखळलंही असेल, कापून शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दीड-दोन महिने झाले तरी हालचाल जिथल्या तिथं असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जरूर जा. चांगला फिजिओथेरपिस्टसुद्धा हात ओढत नाही. तो मुलाकडून करवून घेतो. ओढणारा भेटला तर दुसरा शोधा.

'व्यायाम कर' म्हटलं की मूल पळतं, म्हणून कामं द्या. आंघोळीला कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून तांब्यानं पाणी घ्यायला लावा. तांब्या डोक्यावर न्यायचा म्हणजे कोपर पूर्ण दुमडतं, बादलीत बुडवायचा म्हणजे सरळ होतं. त्याच हातानं घास घेऊ दे, केस विंचरू दे, शर्टाचं वरचं बटण लावू दे. पोळी लाटताना कणकेचा गोळा आणि लाटणं द्या, नकाशा झाला तरी चालेल. भिंतीवर खडूनं उंच रेघ मारायला सांगा आणि आठवड्यानं तीच रेघ ओलांडता येते का बघा. ही रेघ त्याला आवडते, रोज मोजमाप घेणारे बाबा आवडत नाहीत.

वेळेचा अंदाज असा ठेवा. मोडल्यापासून दीड-दोन महिन्यांत बरीचशी हालचाल परत येते, सहा महिन्यांत जवळजवळ सगळी, आणि शेवटचे काही अंश, विशेषतः पूर्ण सरळ होण्याचे, वर्षभर हळूहळू येत राहतात. त्या शेवटच्या अंशांसाठी कुणी रात्रंदिवस झुरू नये.

मैदान

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो मूल दुसऱ्या दिवसापासून विचारतंय. "मी कधी खेळायला जाऊ?"

पालकांचाही एक प्रश्न असतो, तो ते हळू आवाजात विचारतात. शालेय स्पर्धा जवळ आल्यात, चौदा वर्षांखालच्या संघात नाव आहे, किंवा दहावीचं वर्ष आहे आणि क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी जिल्ह्याच्या पुढं जायचंय. स्पर्धेची तारीख परिपत्रकात छापलेली असते. हाड जुळायची तारीख कुठल्याच परिपत्रकात येत नाही, हे क्रीडाशिक्षकांना सांगायची हिंमत पालकांनीच करायची असते. एक हंगाम गेला तर पुढचा येतो.

नीरज चोप्राचं उदाहरण मुलांना सांगण्यासारखं आहे. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याची दुखापत वेगळी होती, वयही एकवीस. तो स्पर्धेत परतला २०२० च्या जानेवारीत, दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून, आणि टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण त्यानंतर दीड वर्षानं आलं. मधले आठ-नऊ महिने ज्याच्या पाठीशी डॉक्टरांचं पथक होतं त्यानं थांबून काढले. तुमच्या सातवीतल्या गोलंदाजाला तीन महिने थांबायला सांगणं काही अन्याय नाही. (सचिनच्या टेनिस एल्बोनं २००४-०५ मध्ये उभ्या महाराष्ट्राला कोपर तोंडपाठ करायला लावलं होतं, पण तो आजार स्नायूच्या मुळाचा. मोडलेल्या हाडाशी त्याचा संबंध नाही, टेनिस एल्बोचे पट्टे आणून बांधू नका.)

प्लास्टर किंवा तारा निघाल्यापासून साधारण महिना-दीड महिना फक्त रोजची कामं आणि चालणं. सायकल नाही, उड्या मारायची जाळी नाही, झाड नाही, पकडापकडी नाही. नुकतं जुळलेलं हाड वाकायला सोपं असतं. मग डॉक्टर हात बघतात, लागलं तर फोटो काढतात, आणि धावायची परवानगी देतात. तारांच्या जखमा पूर्ण भरल्या असतील तर पोहणं हा उत्तम पहिला खेळ. पाणी वजन पेलतं आणि कोपर आपण होऊन उघडतं.

पडण्याची शक्यता असलेले खेळ तीन महिन्यांच्या आत नकोत, आणि तेव्हाही परीक्षा घेऊन. मोडलेल्या जागी बोटानं दाबलं तर दुखत नाही ना? दोन्ही हात खांद्याला सारखे टेकतात का, सरळ करताना जवळजवळ सारखे होतात का? मग तालमीतले जोर, पण भिंतीवर. पंधरा-वीस विनासायास झाले की गुडघे टेकून जमिनीवर. ते दोन आठवडे बिनदुखता जमले की अस्वलासारखं हातापायांवर चालणं, आणि शेवटी मित्रानं पाय धरून हातगाडी. हातगाडीत मूल ज्या हातावर भार टाकायला कचरतं तो हात अजून तयार नाही, मग मूल तोंडानं काहीही म्हणो. खेळायच्या हट्टापायी पोरं सफाईनं खोटं बोलतात.

क्रिकेटमध्ये आधी टेनिस चेंडूवर झेल आणि खालून फेक. मग दहा-पंधरा पावलांवरून हळू थ्रो, एक दिवसाआड. मग बॅट. गोलंदाजी त्यानंतर, मोजून दोन-तीन षटकांपासून. सोलापूरच्या पार्क मैदानावर नेटमध्ये जाणाऱ्या मुलानं सीमारेषेवरून जोराचा थ्रो आणि सूर मारून अडवणं सर्वांत शेवटी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर दुखलं किंवा आदल्या दिवशीपेक्षा कमी सरळ झालं, तर एक पायरी मागं.

खो-खोचं गणित निराळं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ते समजणं गरजेचं आहे. वेळापूरच्या खो-खोचं नाव राज्यभर आहे, शाळाशाळांत मुली-मुलं हा खेळ जीव तोडून खेळतात. चौकटीत बसणं, खो देणं, सरळ पळती यांत कोपराला धोका कमी, ते आधी सुरू करता येतं. खांबाला वळसा घेताना हात खांबावर आपटतो आणि शरीराचा सगळा झोक कोपरावर येतो. सूर मारून गडी टिपताना तर दोन्ही हात पुढं ताणलेले असतात, म्हणजे हाड मोडताना होते नेमकी तीच स्थिती. खांब आणि सूर चार-सहा महिन्यांनी, आधी मॅटवर, गुडघ्यावरून, मग धावत. कबड्डी आणि कुस्तीत समोरचा गडी हात पिरगाळतो, त्यावर आपला ताबा नसतो, म्हणून तिथं हात दुसऱ्या हाताइतका ताकदवान झाल्याशिवाय नको. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सला सगळ्यात उशीर. दोन्हीत अख्खं शरीर कोपरावर पेललं जातं.

या रिकाम्या महिन्यांत मुलाला पडायला शिकवा. गादीवर, हात पुढं न टाकता, हनुवटी छातीशी घेऊन खांद्यावरून लोळायचं. आखाड्यातले वस्ताद आणि ज्युदोचे शिक्षक हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. इतर खेळांत मात्र हे कुणी का शिकवत नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

हात तयार असतो आणि मन नसतं, असंही होतं. बरं झालेलं मूल झेल घ्यायच्या क्षणी हात मागं घेतं, खांबाजवळ वेग कमी करतं. 'एवढं काय घाबरतोस' म्हणून ढकलू नका. ज्या जागी पडलं त्या जागी एकदा फक्त बसायला घेऊन जा. मग त्याच्या आवडीच्या एका मित्रासोबत, स्पर्धा नसलेल्या दिवशी, अर्धा तास खेळू द्या. संघातली जागा टिकून राहावी म्हणून क्रीडाशिक्षकांनी मधल्या काळात त्याला गुणलेखन किंवा पंचांची शिट्टी दिली तर फारच चांगलं. मैदानापासून तुटलेलं मूल परतताना जास्त भितं.

एक काळजी बायका कुजबुजत विचारतात, मुलीच्या बाबतीत जास्तच. हात वाकडा तर राहणार नाही ना? हाड तिरकं जुळलं तर कोपर आतल्या बाजूला वळलेलं दिसतं. दंडाच्या हाडाची लांबी सुमारे ऐंशी टक्के खांद्याकडच्या टोकाकडून वाढते, कोपराकडून फक्त वीस टक्के. त्यामुळे मनगटाजवळचं तिरकं हाड वाढीबरोबर जसं सुधारतं तसं हे सुधारत नाही. म्हणूनच ते पहिल्याच वेळी नीट बसवण्यावर डॉक्टरांचा भर असतो. असा हात बहुधा कामात कमी पडत नाही, दिसायला खटकतो. खूप खटकला तर पुढं छोटी शस्त्रक्रिया करून सरळ करता येतो. मालिश करून किंवा पट्टे बांधून तो सरळ होत नाही.

तपासायचं असेल तर कोपर पूर्ण उघडायला लागल्यावरच तपासा, दुमडलेल्या हातात तिरकेपणा कळत नाही. सहा महिन्यांनी आणि मग वर्षानं मुलाला आरशासमोर उभं करा, दोन्ही हात खाली सरळ, तळवे पुढं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन्ही हातांत ठळक फरक दिसला, करंगळीत मुंग्या येऊ लागल्या किंवा आधी सरळ होणारं कोपर पुन्हा अडू लागलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना पडल्या दिवशीचा पहिला एक्स-रे आणि तारा घातल्यानंतरचा एक्स-रे, दोन्ही बरोबर न्या.